तीन बोटं कोरी जागा

३ जून

बेलिफसाहेब,

पाकीट उघडण्याआधी उलटसुलट करून बघितलं असेलच, सवयीने. आत समन्स नाही, बातमी आहे. काल मी संध्याकाळच्या लॉ कॉलेजचा फॉर्म आणला. आधी हसून घ्या, मग पुढे वाचा.

वीस वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत आपण दोघं हाच फॉर्म आणायला गेलो होतो. तुम्ही आमच्या वकीलसाहेबांचे कारकून, मी टायपिस्ट. रांगेत तुम्ही म्हणालात, "बाई, आपण दोघं वकील झालो की एकमेकांच्या विरुद्ध उभे राहू. निदान रोज भेट तरी होईल." त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्हाला त्या डोंगरातल्या कोर्टात बेलिफाची कायमची नोकरी लागली, आणि इकडे माझ्या बाबांना दिसेनासं झालं. फॉर्म राहिले. माझा कपाटात राहिला, तुमचं तुम्ही जाणे. त्याच्यावर डकवलेला माझा फोटो काल काढून बघितला. इतकी आशाळभूत मुलगी कुणी कामावर कशी ठेवली कोण जाणे.

बाबांना जाऊन चौदा महिने झाले. दिवस ऑफिसात जातो. संध्याकाळ मात्र अंगावर येते. साडेसहाला मी अजून वर्तमानपत्र उघडते आणि मोठ्याने वाचायला लागते. अर्धं पान झाल्यावर लक्षात येतं, ऐकणारं कुणी नाही. परवा अशीच मध्ये थांबले तर भिंतीपलीकडून शेजारच्या शिंपीणबाई ओरडल्या, "अहो, थांबलात काय? त्या मंत्र्याचं पुढं काय झालं?" म्हणजे श्रोते आहेत, पण भिंतीआड.

प्रवेशाला दोन गोष्टी लागतात. एक लेखी परीक्षा, आणि दुसरं म्हणजे "मला कायदा का शिकायचा आहे" हे एका पानात सांगणारा अर्ज. साहेबांच्या कानावर घातलं. आपण त्यांना तहकूबराव म्हणायचो ते आठवतं ना? प्रत्येक सुनावणीला उभे राहून पुढची तारीख मागतात म्हणून. वय वाढलं, खोड गेली नाही. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "या वयात, बाई? पुढच्या वर्षी बघू." माझ्या शिक्षणालाही तारीख घेतली!

तुमचा सगळा दिवस कोर्टकज्जेवाल्यांत जातो. मला सरावाला प्रश्न पाठवा, वीसेक. फोन करू नका. फोनवर आपण दोघंही फक्त हवामान बोलतो.

टायपिस्ट
(खुर्ची तीच, गादी तिसरी)


१२ जून

बाई,

हसलो नाही. पत्र दोनदा वाचलं आणि खिडकी उघडली, एवढंच.

इथलं बरं चाललंय. परवा एका लाकडाच्या व्यापाऱ्याला समन्स द्यायला गेलो. बायको दार अडवून उभी. "ते गावाला गेलेत." तेवढ्यात आतून खोकला आला. मी म्हटलं, "ताई, त्यांच्या गावचा खोकला इथवर ऐकू येतो. फारच जवळचं गाव दिसतंय." तीही हसली, आणि मग तो कपाटामागून कोळिष्टकं झटकत बाहेर आला आणि सही करून गेला. वीस वर्षं मी लोकांना नको असलेले कागद पोचवतोय. त्यामुळे तुमचं पत्र आलं की इथल्या पोस्टमनला बसवून चहा पाजतो. हवा असलेला कागद आणणारा माणूस कसा दिसतो, ते नीट बघून ठेवावं म्हणून.

प्रश्न सोबत जोडलेत. सोपेच आहेत: शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या अंगणात आली तर फळ कुणाचं, भाडेकरूने भिंतीला ठोकलेला खिळा जाताना काढून न्यावा की नाही, असे. सातवा जरा अवघड आहे. दोन माणसांनी तोंडी करार केला. कागद नाही, साक्षीदार नाही. वीस वर्षं कुणी पाळला नाही, कुणी मोडलाही नाही. करार आहे की नाही?

माझा फॉर्म विचारलात. उंदरांनी खाल्ला असेल.

तहकूबरावांचं मनावर घेऊ नका. त्यांनी स्वतःच्या लग्नालाही दोनदा तारीख घेतली होती.

बेलिफ


१ जुलै

बेलिफसाहेब,

परीक्षा झाली. नाट्य आधी सांगते.

वर्गाच्या दारात गेले तर पर्यवेक्षिका म्हणाली, "पालकांनी बाहेर थांबायचंय." मी प्रवेशपत्र दाखवलं. तिने फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "तुम्ही स्वतः?" म्हटलं, "हो, मुलगी आजारी आहे म्हणून मी आले." बिचारीने खरं मानलं. तिची समजूत काढण्यात माझी पाच मिनिटं गेली.

गेला महिनाभर जेवणाच्या सुट्टीत डबा डाव्या हाताला आणि पुस्तक उजव्या हाताला ठेवून अभ्यास केला. तहकूबराव येता-जाता डोकावायचे. एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही वकील झालात तर माझं टायपिंग कोण करणार?" म्हटलं, "तुम्ही पुढची तारीख घ्या ना." तीन दिवस बोलत नव्हते. तेवढ्यात माझी दोन प्रकरणं वाचून झाली.

पेपर लिहिताना वेगळीच पंचाईत. तेवीस वर्षं कानावर आवाज पडला की माझी बोटं चालतात. हॉलमध्ये चिडीचूप. दहा मिनिटं नुसती पेन धरून बसले. मग तुमचे प्रश्न आठवले, तुम्ही विचारताय असे. म्हणजे तुमच्या त्या आवाजात, वाक्य संपताना खाली उतरणाऱ्या. मग सुचायला लागलं. पुढचे दोन तास तुम्ही माझ्या मागच्या बाकावर होतात. कॉपी म्हणून पकडलं नाही हे नशीब.

एका पानाचा अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी टाइप केला. बरोबर अकरा मिनिटं लागली. त्याच दिवशी देऊन आले.

सातव्याचं उत्तर: करार होता, पण मुदत संपली. बरोबर ना?

टायपिस्ट


८ जुलै

बेलिफसाहेब,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. घोळ झालाय, आणि तो माझ्याच हातून.

काल कॉलेजातून बोलावणं आलं. परीक्षेत पास झाले. पण खिडकीतल्या कारकुनाने माझा अर्ज समोर सरकवला आणि म्हणाला, "सगळं आहे हो, पण तुम्हाला काय पाहिजे तेच लिहिलं नाही."

वाचलं. "अर्जदार ही सज्ञान असून" इथून सुरुवात. अर्जदाराचं शिक्षण, अर्जदाराची नोकरी, अर्जदाराच्या वडिलांचं आजारपण, सगळे परिच्छेद क्रमांकासह. शेवटी "सबब अर्जदाराची विनंती अशी की" आणि त्याखाली तीन बोटं कोरी जागा. आणि त्याखाली माझी सही.

तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, तुम्ही त्याच ऑफिसात होतात. साहेब "विनंती अशी की" म्हणतात आणि उठतात. मागायचं काय, ते पक्षकाराशी आत बसून, त्याचा चेहरा बघून शेवटच्या दिवशी ठरवायचं. तोवर मी तीन बोटं जागा सोडायची. तेवीस वर्षांत हजारो अर्ज झाले, हजारो वेळा मी तिथे हात उचलला. स्वतःच्या अर्जातही उचलला. आणि कळलंसुद्धा नाही!

कारकून चांगला होता. म्हणाला, "सात दिवसांत भरून द्या. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, यादी मोठी आहे." घरी येऊन मशीनपुढे बसले. काही सुचत नाही. काय मागू? सीट मागायची तर ती प्रत्येकालाच हवी आहे. न्याय वगैरे लिहायला गेले तर माझंच मला हसू आलं.

चौदा तारखेला शेवटचा दिवस. तुम्ही सांगा, मी टाइप करते. तातडीच्या टपालाने पाठवतेय, तसंच उत्तर द्या.

टायपिस्ट


११ जुलै

बाई,

नाही सांगणार.

रागावू नका. लोकांच्या दारात उभं राहून एवढंच शिकलो: दुसऱ्याने लिहून दिलेली मागणी कोर्टात टिकते, घरात टिकत नाही. ती तीन बोटं तुमची आहेत.

पण तुम्ही तुमचा घोळ सांगितलात, तर माझाही एक सांगायला हवा. सांगणार नव्हतो. सहा वर्षांपूर्वी मी बदलीचा अर्ज केला होता. तुमच्या शहरातल्या कोर्टात. तो मंजूर झाला. ऑर्डर हातात आली, त्याच दिवशी तुमचं पत्र आलं. तुम्ही लिहिलं होतं, "घरात आता पाय ठेवायला जागा उरलेली नाही. कुणी येतो म्हटलं तर मी नकोच म्हणते." ते वाक्य मला अजून पाठ आहे. मला वाटलं, बाईंना कुठूनतरी कळलंय आणि त्या सभ्य भाषेत कळवतायत. दुसऱ्या दिवशी ऑर्डर परत दिली. आमच्या कोर्टातले साहेब म्हणाले, "कारण?" मी म्हटलं, "घरगुती."

आता याचा काही उपयोग नाही. सातव्याचं तुमचं उत्तर बरोबर धरतो. मुदत संपली.

चौदा तारीख चुकवू नका.

बेलिफ


१८ जुलै

अहो, तो पलंग होता!

दवाखान्यातला, चाकांचा, मान वर करता येणारा लोखंडी पलंग. बाबांसाठी आणला होता. एक खोली, त्यात तो पलंग, त्याच्या उशाशी ऑक्सिजनची नळकांडी, आणि उरलेल्या जागेत मी तिरकी चालायची. आणि येतो म्हणत होती ती माझी मावशी. तिच्या तीन सुनांसह, विचारपूस करायला! तिला नको म्हटलं, आणि तिच्या नावचा कागद घेतलात तुम्ही.

लाकूडवाल्याची बायको दार अडवते, तरी त्याचा खोकला तुम्हाला ऐकू येतो. तीनतीनदा खेपा घालता. माझ्या एका वाक्यावरून तुम्ही उंबऱ्यापर्यंतही न येता परत फिरलात. खरं-खोटं विचारायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. तहकूबरावसुद्धा असं करत नाहीत. ते निदान पुढची तारीख तरी मागतात!

रागावले आहे. चार दिवस ऑफिसात चुकीची बटणं दाबतेय. काल एका घटस्फोटाच्या अर्जात नवराबायकोची जागा अदलाबदल केली. साहेबांच्या लक्षात आलं नाही. तसाच दाखल झाला तर केस बहुधा जास्त सोपी होईल.

आता बातमी. चौदा तारखेला दुपारी तुमचं "नाही सांगणार" हातात पडलं. तशीच मशीनपुढे बसले आणि लिहिलं: "अर्जदारास इतरांच्या विनंत्या टाइप करण्याचा तेवीस वर्षांचा अनुभव असून स्वतःची विनंती करण्याचा अनुभव नाही. सबब ती कशी करावी हे शिकवावे." खिडकीतल्या कारकुनाने वाचलं, आणखी दोघांना वाचून दाखवलं, आणि शिक्का मारला.

प्रवेश मिळाला. एक ऑगस्टपासून सोमवार ते शनिवार, सहा ते साडेआठ. तीन वर्षं.

सहा वर्षं कुठे गेली ते विचारत नाही. विचारलं तर तुम्ही पुन्हा "घरगुती" म्हणाल.

टायपिस्ट


१९ ऑगस्ट

बेलिफसाहेब,

महिना झाला, तुमचा कागद नाही. रागावण्याची पाळी माझी होती. ती तुम्ही कशी घेतलीत?

ठीक. मी लिहिते, तुम्ही ऐका, भिंतीपलीकडच्या शिंपीणबाईंसारखे. त्यांचा वाचनाचा तोटा झालाय म्हणून त्या माझ्यावर रुसल्यात. रविवारी सहा दिवसांची वर्तमानपत्रं एकदम वाचून दाखवायची असा तह झालाय.

साडेपाचला ऑफिस सुटतं. घरी यायला वेळ नाही, तशीच कॉलेजला जाते. वर्ग तळमजल्यावर आहे. दिवसा तिथे शाळेची मुलं बसतात, त्यामुळे बाकं छोटी. साठ मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन कायदा शिकतात. माझ्या शेजारी एक परिचारिका, पुढे एक बसचा वाहक. तो हजेरीला "हजर" न म्हणता नुसतीच शिट्टी वाजवतो की काय, अशी मला रोज धास्ती असते. मी तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. सर बोलायला लागले की माझी बोटं बाकावर आपोआप टाइप करतात. परिचारिका म्हणाली, "बाई, तुमची नस दबलीय." तिला काय सांगू?

साडेआठला बाहेर पडले की रस्त्यावर सगळे कुणाच्या ना कुणाच्या दिशेने चाललेले असतात. परिचारिकेचा नवरा फाटकाशी थांबतो, हातात तिचा डबा. तो डबा रिकामा असतो, दुपारी जेवून ती दवाखान्यातच विसरलेली असते. तरी तो तिथून घेऊन येतो. मी त्यांच्या मागून चालते, थोडं अंतर ठेवून. घरी येऊन कुलूप काढताना आज काय शिकले ते सांगावंसं वाटतं. काल चक्क दारालाच सांगितलं: करार मोडला म्हणून नुकसानभरपाई मागता येते, पण आधी करार होता हे कबूल करावं लागतं.

सोळा वर्षं आपण दोघंही पत्राच्या डोक्यावर मोठ्या ऐटीत "विनंती विशेष" लिहीत होतो. मीच ते बंद केलं, चार वर्षांपूर्वी, मग तुम्हीही. खाली विनंती कधी नसायचीच.

हेही पत्र तिथवर आलंय बघा. आणि माझा हात उचलला गेलाय.

टायपिस्ट


२७ ऑगस्ट, सायंकाळी ७ वाजून २० मिनिटे
तुमच्या दारात, पायरीवर बसून

बाई,

बजावणीचा अहवाल.

मी, बेलिफ, आज रोजी पाच वाजता तुमच्या ऑफिसच्या फाटकाशी हजर राहणार होतो. घाटात बसचं चाक बसलं. पोचलो सहाला. तहकूबराव कुलूप लावत होते. मला ओळखलं नाही, पण म्हणाले, "आज काही होणार नाही, पुढच्या आठवड्यात या." त्यांना बघून बरं वाटलं.

मग कॉलेजात आलो. तळमजला, खिडकी. तिसऱ्या बाकावर तुम्ही होतात. सर काहीतरी सांगत होते आणि वर्ग लिहून घेत होता. तुम्ही लिहीत नव्हतात. हात वर केला होतात. सरांनी मान हलवली, तुम्ही उभ्या राहिलात आणि काहीतरी विचारलंत. काचेमुळे ऐकू आलं नाही. पण तेवीस वर्षं दुसऱ्याचं ऐकून लिहिणारी बाई उभी राहून स्वतःचं विचारते आहे, हे मी डोळ्यांनी बघितलं. हाक मारली नाही. चालू वर्गात बजावणी करू नये असा कुठे नियम नाही. तो आज मी केला. कळवून आलो असतो तर तुम्ही वर्ग बुडवला असतात, म्हणून कळवलंही नव्हतं.

तिथून इथे. घर बंद. हे माहीत होतं, तरी दार वाजवलं. तीनदा, रीतीप्रमाणे. आठची बस शेवटची आहे, आणि उद्या अकराला एका घराचा ताबा द्यायचाय. साडेआठपर्यंत थांबता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं वाटतंय की पक्षकार घरात लपून बसलेला असता तर किती बरं झालं असतं.

महिनाभर लिहिलं नाही, कारण बदलीचा अर्ज पुन्हा केला होता, आणि हातात काही असल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सोमवारी मंजुरी आली. एक ऑक्टोबरपासून तुमच्या शहरात. या खेपेला ऑर्डर परत देणार नाही.

हा कागद उलटून बघा. वीस वर्षांपूर्वीचा फॉर्म आहे. उंदरांनी खाल्ला नव्हता. तेव्हाचा फोटो सुटून पडलाय, डिंकाचा डाग राहिलाय.

तुमच्यासारखीच माझीही तीन बोटं कोरी जागा होती, ती मी इथे भरतो:

सबब विनंती अशी की, रोज संध्याकाळी साडेआठला कॉलेजच्या फाटकाशी मला उभं राहू द्यावं. डबा नसला तरी चालेल. घरापर्यंत येताना त्या दिवशी जे शिकलात ते मला सांगावं. तीन वर्षं. त्यानंतरचं त्यानंतर मागेन.

घर बंद असल्याने हा कागद दारावर डकवत आहे. पंच: शेजारच्या शिंपीणबाई. सही करताना म्हणाल्या, "तुम्हीच का ते, ज्यांचं पत्र आलं की बाई दुसऱ्यांदा चहा करतात?" त्यांचा जबाब मी नोंदवून घेतला आहे.

सोबत दुसरी प्रत. नियमाप्रमाणे सही करून परत पाठवावी.

बेलिफ


२८ ऑगस्ट, सकाळी

बेलिफसाहेब,

प्रत सही करून परत पाठवतेय. फॉर्मच्या पाठीवरची मी ठेवली. तुमच्या डिंकाच्या डागाशेजारी माझा तो आशाळभूत फोटो लावून टाकलाय.

शिंपीणबाईंनी मला जिन्यातच गाठलं. चिकटवलेलं सगळं त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हटलं, "अहो, माझं आहे ते." म्हणाल्या, "तुम्ही इतके महिने आम्हाला वाचून दाखवलंत, एक दिवस आम्ही."

काल उभी राहून सरांना काय विचारलं, ते तुम्हाला ऐकू आलं नाही ना? विचारलं होतं, मुदत संपलेलं देणं फेडीन असं दुसऱ्याने आपण होऊन, लेखी कबूल केलं तर काय होतं? सर म्हणाले, मग मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

सातव्याचं माझं उत्तर चुकलं होतं. खोडून दुरुस्त केलंय, तुम्हीही करून घ्या.

आता तुमच्या अर्जावर माझं म्हणणं. विनंतीला हरकत नाही. दुरुस्ती एकच: फाटकाशी उभं राहिलात की हाक मारायची. काचेतून बघायचं नाही.

एक ऑक्टोबरला बस लवकर आली तर दारात बसू नका. किल्ली शिंपीणबाईंकडे आहे. पलंग मी गेल्या वर्षीच दवाखान्याला देऊन टाकलाय. खोलीत सरळ चालता येतं.

टायपिस्ट

ता.क. तहकूबरावांना सांगितलं. चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "ऑक्टोबर? घाई होतेय, बाई. पुढची तारीख घ्या." म्हटलं, "साहेब, वीस वर्षं तेच केलं. आता तहकुबी नाही."